शून्याचा वाफा

मी तोंडाची फटकळ आहे असं सगळे म्हणतात आणि मला ते ऐकायला आवडायचं. फटकळ माणूस खोटं बोलत नाही असा लोकांचा समज असतो. त्याच समजात मी पन्नाशी ओलांडली. मग एका वर्षात मी कामावर दोनदा खोटं बोलले आणि एकदा खरं बोलले, आणि त्या तिन्हींत जे खरं बोलले तेच सगळ्यात वाईट होतं. सांगते सगळं, पण आधी कामाचं सांगायला हवं.

आम्ही दोघी सख्ख्या बहिणी एकाच ठिकाणी कामाला. ताई माझ्याहून आठ वर्षांनी मोठी. तिनंच मला इथं चिकटवलं. तिला सगळे ताई म्हणतात, इथलं काम चालवणारे सरसुद्धा, आणि मला सगळे धाकटी. पन्नाशीच्या बाईला अजून धाकटी म्हणतात, यावरूनच समजा.

शहर संपतं तिथं कुंपण घातलेला एक गवताळ माळ आहे आणि त्याच्या कडेला तीन खोल्या. एक सरांचं ऑफिस, एक बियांची खोली आणि एक माझ्या खतांची. माळावर दोऱ्या ताणून चोवीस चौकोनी वाफे आखलेत. चाळीस वर्षांपूर्वी कुणीतरी ठरवलं, की या वाफ्यांना वेगवेगळं खायला घालायचं आणि कुठल्या वाफ्यात किती जातींची झाडं टिकतात ते दरवर्षी मोजायचं. काहींना नत्र, काहींना स्फुरद, काहींना पालाश, काहींना तिन्ही. आणि एका वाफ्याला काहीच नाही, वरून पडेल तेवढं पाणी. त्याला आम्ही शून्याचा वाफा म्हणतो. जागा कमी होती म्हणून असा वाफा एकच ठेवला, आणि बाकीच्या तेवीस वाफ्यांची तुलना त्याच्याशीच होते.

पाहुणे आले की इथं हमखास फसतात. तिन्ही खतं खाणारा वाफा कमरेएवढा, हिरवागार. शून्याचा वाफा घोट्याएवढा, मधूनमधून माती दिसणारा, टक्कल पडल्यासारखा. पाहुणा म्हणतो, या बिचाऱ्याला काहीतरी घाला की. मग सर त्याला जाती मोजायला लावतात. हिरव्यागार वाफ्यात सहा. टकल्यात तेव्हा एकतीस. याचं कारण सर पाऊण तास समजावतात. मी दोन वाक्यांत सांगते. जिथं ताट भरलेलं असतं तिथं दोन-तीन दांडगी गवतं जेवून उंच होतात, बाकीच्यांचं ऊन अडवतात आणि खालची बारकी मंडळी अंधारात मरतात. जिथं कुणालाच पोटभर मिळत नाही तिथं कुणाला माज करता येत नाही, मग एकतीस जण थोडंथोडं खाऊन शेजारीशेजारी राहतात. सर म्हणतात, बरंचसं बरोबर आहे. काय चुकलं ते मात्र कधी सांगत नाहीत.

मोजायचं काम ताईचं. फुलांच्या दिवसांत ती गोणपाट अंथरून पालथी झोपायची, हनुवटी मातीला टेकवायची, लाकडी चौकट हळूहळू पुढं सरकवायची आणि एकेक नाव पुकारायची. मी शेजारी वही घेऊन बसायचे. सरांच्या तक्त्यात झाडांची लांबलचक नावं होती, ती तिला घडाघडा पाठ होती. पण आपापसात आमची नावं वेगळी. एक होतं चिकटराव, कारण ते पदराला सोडायचं नाही. एक उपाशी बाई, जिला दोनच पानं असायची. एक काकूचं बटण. आणि सगळ्यात बारकं, मोहरीएवढ्या पांढऱ्या फुलांचं, जमिनीला चिकटून चटईसारखं पसरणारं, त्याचं नाव मुंगीचा पलंग. ते दाखवल्याशिवाय कुणाला दिसत नसे. ताईला ते उभ्या उभ्या दिसायचं. सव्वीस वर्षं तिनं डोळ्यांत तेल घालून मोजलं आणि एकदाही "जरा बघ गं, बरोबर आहे का" असं कुणाला विचारलं नाही.

मला त्याचा हेवा वाटायचा, हेही सांगून टाकते. बाहेरून लोक यायचे ते ताईला भेटायला. हिची नजर बघा, म्हणायचे. मी मागं पोती उचलत असायचे. खत तोलणं, मिसळणं, वाफ्यावर एकसारखं फेकणं आणि मग बादल्या-मापं धुणं हे माझं काम. यात कौतुक करण्यासारखं काही नाही, चुकलं तरच लोकांना दिसतं.

बादल्या धुण्याचा एक नियम होता. माळावर नळ एकच, आणि तो नेमका शून्याच्या वाफ्याच्या वरच्या अंगाला. तिथं फक्त पाणी भरायचं. धुवायचं मात्र कुंपणाबाहेरच्या गटारापाशी, दोनशे पावलांवर. सुरुवातीची अनेक वर्षं मी तसंच केलं. मग माझा गुडघा कुरकुरायला लागला. एक दिवस मी नळाखालीच बादल्या विसळल्या आणि ते पाणी समोर भिरकावलं. पाण्याचं काय एवढं, असं मनात म्हटलं. दुसऱ्या वेळी तेही म्हटलं नाही. वर्षातून चार वेळा खत पडायचं, दर वेळी सहा-सात बादल्या, तळाला चिकटलेले गोळे खरवडून. सहा वर्षं हे चाललं. तिथं उतार आहे. ओतलेलं पाणी दोरीखालून वाफ्यात शिरायचं आणि पार दुसऱ्या टोकापर्यंत जायचं. मला ते दिसत होतं, पण मी त्याकडे बघत नव्हते.

मग ताईचे आकडे उतरायला लागले. एकतीसचे एकोणतीस झाले. पुढच्या वर्षी सव्वीस, मग बावीस. चौथ्या वर्षी एकोणीस. सर काळजीत पडले. ज्याच्याशी सगळ्यांची तुलना करायची तोच घसरायला लागला तर चाळीस वर्षांच्या कामाला अर्थ काय उरला? ताई म्हणाली, नळाकडचा कोपरा माजलाय, तिथं काहीतरी लागतंय. तिनं वहीच्या समासात तसं लिहिलंही होतं. सरांनी मला ऑफिसात बोलावलं आणि विचारलं, की तुम्ही तिथं काही धुता का, काही सांडतं का.

मी म्हटलं, "नाही हो, मी कशाला."

हे पहिलं खोटं. साखर खाल्लीस का म्हणून विचारल्यावर लहान पोर ओठ न पुसताच नाही म्हणतं, तसं ते तोंडातून निघालं. बादलीभर विसळणीनं एवढं काही होत असेल असं तेव्हा मला खरंच वाटत नव्हतं. नियम मोडला एवढंच लपवायचं होतं. पण सर माझ्याकडे बघतच राहिले आणि मला ते सहन होईना. मग मी ते वाक्य बोलले.

"ताईला हल्ली सुई ओवता येत नाही."

हे खरं होतं. साठीला टेकलेल्या कुणाला चष्म्याशिवाय सुई ओवता येते? पण सरांचा चेहरा एकदम सैल झाला. त्यांना वाफा बिघडण्यापेक्षा डोळे बिघडणं परवडणारं होतं. आणि त्यात तर्कही होता, तो त्यांनीच मला समजावून सांगितला. बारकी झाडं फक्त शून्याच्या वाफ्यात असतात, तेव्हा नजर कमी पडली तर चूक फक्त तिथंच दिसणार. मी मान डोलावली. बाहेर आले तेव्हा मला हलकं वाटलं होतं. आज त्या हलकं वाटण्याचीच सगळ्यात जास्त लाज वाटते.

सरांनी ताईला डोळ्यांच्या डॉक्टरकडे पाठवलं. चष्मा आला. चष्मा लावून तिनं पुन्हा मोजलं, तीन दिवस, सकाळच्या उन्हात. एकोणीस. डॉक्टरांनी लिहून दिलं होतं, की चष्म्यानं सगळं नीट दिसायला हवं. मग सर मला म्हणाले, एकदा तुम्ही मोजा. इतकी वर्षं वही धरून मला नावं आणि चेहरे पाठ झालेच होते.

मी पहिल्यांदा ताईच्या गोणपाटावर पालथी झोपले. त्याला अजून तिच्या डोक्याच्या तेलाचा वास होता. चौकट लावली आणि मोजायला लागले. मोजताना मनात एक घाणेरडी हौस होती, की आज दाखवूच, धाकटीलाही डोळे आहेत. एकोणीस झाले. पुन्हा मोजले, पुन्हा एकोणीस. मुंगीचा पलंग कुठंच नव्हता. उपाशी बाई नव्हती. काकूचं बटण एकच, तेही पिवळं पडलेलं. जमिनीशी डोकं नेल्यावर मला ते गवत दिसलं. रुंद पात्यांचं, गर्द हिरवं, नळाकडे दाट आणि उताराकडे विरळ होत गेलेलं. ते गवत मी ओळखत होते. तिन्ही खतं खाणाऱ्या वाफ्यातलं तेच दांडगं गवत. त्याला मीच वाढवलेलं होतं, इथं आणि तिथंही.

मी डोकं वर केलं तर समोर नळ होता. पालथ्या पडलेल्या माणसाला त्या वाफ्यातून दुसरं काही दिसतच नाही. सव्वीस वर्षं ताईला तोच नळ दिसत होता, आणि गेली सहा वर्षं त्याच्याखालची ओलही दिसत असणार. तिनं माझं नाव घेतलं नव्हतं. नुसतं काहीतरी लागतंय म्हणाली होती.

त्याच पावली उठून ऑफिसात जायचं होतं. पंचवीस पावलं असतील. मी गेलेही. सर दारातच उभे होते. "मग?" म्हणाले, आणि त्या एका शब्दात त्यांना काय ऐकायचंय ते मला कळलं.

मी अठ्ठावीस सांगितले. अगदी एकतीस सांगायचं धाडस झालं नाही. नऊ नावं मी जुन्या वहीतून उचलली, त्यात मुंगीचा पलंगही घातला. सर म्हणाले, बघा, मला वाटलंच होतं. हे दुसरं खोटं.

ताईला बियांच्या खोलीत बसवलं. पाकिटं भरायची, चिठ्ठ्या डकवायच्या. ती एका शब्दानं कुरकुरली नाही. फक्त त्या संध्याकाळी घरी जाताना तिनं विचारलं, "पलंग होता का गं?"

आमच्या दोघींच्या खोल्यांत एकच भिंत. तिच्याकडे मुलगा-सून, माझ्याकडे मी एकटी. वाट अर्ध्या तासाची. मी म्हटलं, होता. कुठल्या कोपऱ्यात, तिनं विचारलं. मी म्हटलं, खालच्या. ती म्हणाली, बरं झालं, मला वाटलं गेला बिचारा.

पुढचे तीन महिने मी जे बघितलं ते कुणावर येऊ नये. मला वाटलं होतं, तिला डोळे गेल्याचं वाईट वाटेल, मग ती बसल्या कामाला सरावेल. पण ताई माझ्यापेक्षा हुशार आहे. तिनं हिशेब मांडला. डॉक्टर म्हणतात चष्म्यानं सगळं दिसतं. चष्मा लावून मी मोजलं तर एकोणीस. धाकटीनं मोजलं तर अठ्ठावीस. म्हणजे डोळ्यांना दिसतंय आणि डोक्याला कळत नाहीये. आमची आई शेवटी आम्हाला ओळखत नव्हती. ताईनं स्वतःलाही त्याच रांगेत उभं केलं.

आधी तिनं धान्य निवडणं सोडलं. ताट सुनेकडे सरकवायची, तूच बघ, माझ्याकडून खडा राहून जाईल. मग भाजीत मीठ घातलं का ते सुनेला विचारायला लागली. मग दाराला कुलूप लावून पुन्हा दोनदा परत यायला लागली. एकदा मी तिच्याकडे गेले तर ती पलंगावर बसून हातातल्या कागदावर आम्हा सगळ्यांची नावं लिहीत होती. मला बघून तिनं कागद उशीखाली सारला. सून मला स्वयंपाकघरात ओढून म्हणाली, मावशी, सासूबाईंचं काय होतंय ते मला कळत नाही, तुम्ही दिवसभर बरोबर असता, तुम्हाला काही जाणवतं का? मी म्हटलं, वयानं होतं असं. आणि तिनं केलेला चहा प्यायले. तो घशाखाली गेला याचं मला आजही नवल वाटतं.

रोज ठरवायचे, आज सांगते. कामावर जाताना सांगायचं ठरवलं तर वाटायचं, दिवसाची सुरुवात कशाला नासवा. येताना वाटायचं, ती दमलीय. सुट्टीच्या दिवशी सून घरात असायची. मी मूग गिळून बसले होते आणि त्याला विचार करणं म्हणत होते. एक गोष्ट मात्र केली. बादल्या पुन्हा कुंपणाबाहेर धुवायला लागले. गुडघा कुरकुरला की मला बरं वाटायचं. जणू काही तेवढ्यानं फिटणार होतं.

मग तो कागद आला. सरांना चाळीस वर्षांचा अहवाल पाठवायचा होता आणि ताईचे चार वर्षांचे आकडे त्यात अडचणीचे होते. त्यांनी एक पत्र टाइप करून घेतलं आणि ते ताईच्या सहीसाठी बियांच्या खोलीत ठेवून गेले. माणूस वाईट नाही, सहज म्हणाले, घाई नाही, सवडीनं करा. ताईनं पाकिटं बाजूला सारली, चष्मा लावला, कागद हातात धरला आणि परत खाली ठेवला. मी दाराशी पोतं टेकवून उभी होते.

"धाकटे, वाचून दाखव गं. मी वाचलं तर काहीतरी भलतंच वाचेन."

मी वाचायला लागले. मोजणी करणाऱ्या व्यक्तीच्या दृष्टीदोषामुळे गेल्या चार वर्षांचे शून्य वाफ्याचे आकडे विश्वासार्ह नाहीत, सबब ते रद्द समजावेत, यास माझी संमती आहे. माझा आवाज मलाच परका वाटत होता. ताई शांतपणे ऐकत होती. संपल्यावर तिनं पेन उघडलं. सही नेमकी कुठं करायची म्हणून तिनं बोट ठेवायला सांगितलं. मी बोट ठेवलं. माझ्या नखात खताचा पांढरा कण अडकलेला होता. पेनचं टोक त्या बोटापाशी आलं.

"ताई, नको करूस सही," मी म्हटलं. "एकोणीसच होते. तुझं बरोबर होतं. चारही वर्षं बरोबर होतं."

तिला आधी वाटलं, मी तिची समजूत घालतेय. म्हणाली, असू दे गं, मला नाही वाईट वाटत. मग मला सगळं सांगावं लागलं. नळ, बादल्या, सहा वर्षं, सरांना दिलेलं उत्तर, सुईचं वाक्य, अठ्ठावीस. फटकळ माणसाला बोलायला किती कष्ट पडतात ते त्या दिवशी कळलं. ती माझ्याकडे बघतही नव्हती, पेनचं टोपण लावत होती, आणि ते तिला लागत नव्हतं. मेल्याहून मेल्यासारखं होतं म्हणतात, ते काय असतं ते मी तिथं उभ्या उभ्या बघितलं.

ती उठली आणि म्हणाली, "चौकट आण."

गवत पिवळं पडायला लागलं होतं, पण झाडं अजून ओळखू येत होती. ताई गोणपाटावर पालथी झाली. तिला खाली वाकायला आता वेळ लागतो, मी हात पुढं केला तो तिनं धरला नाही. तिनं पुकारायला सुरुवात केली. मी वही उघडली तर म्हणाली, लिहू नको, नुसतं ऐक. एकेक नाव घेत ती वाफ्याच्या खालच्या टोकापर्यंत गेली. एकोणीस. मग तशीच पडून राहिली, गाल मातीला लावून, नळाकडे बघत.

"तू पलंग लिहिलास?" तिनं विचारलं.

"हो."

"खालच्या कोपऱ्यात?"

"हो."

"तीन महिने मी रोज झोपताना तो कोपरा आठवत होते. हात लावून बघितला होता मी तो, बोटांनी चाचपला होता. तिथं नव्हताच तो. पण तू म्हणालीस आहे, म्हणून मी माझ्याच बोटांना खोटं ठरवलं."

ती रडली असती तर मला सोपं गेलं असतं. ती उठून बसली, कोपरांची माती झटकली आणि म्हणाली, सरांना तू सांगायचंस, मी बरोबर येणार नाही. मी गेले. तीच पंचवीस पावलं. सर ऐकून घेत होते तेव्हा त्यांचा चेहरा पांढरा पडत गेला. मला वाटलं होतं ओरडतील, हाकलतील. त्यांनी विचारलं, दर वेळी किती बादल्या, कुठलं खत आधी धुवायचा, कधीपासून. मी सांगत होते, ते लिहीत होते. शेवटी म्हणाले, हे सगळं तुमच्या हातानं लिहून द्या, अहवालात लागेल. ताईचं पत्र त्यांनी स्वतः फाडलं आणि तुकडे खिशात घातले. त्यांनाही लाज वाटत होती. सव्वीस वर्षांच्या डोळ्यांवर त्यांनी एका वाक्यासरशी पाणी सोडलं होतं.

मला वाटलं होतं, यावर काही उपाय असेल, माती वरवरची काढून नवी टाकायची वगैरे. सर म्हणाले, तसं होत नाही. घातलेलं चिमटीनं वेचून काढता येत नाही. दरवर्षी गवत कापायचं, कापलेलं तिथं पडू न देता कुंपणाबाहेर नेऊन टाकायचं. गवत जेवढं खाऊन बसलंय तेवढं त्याच्याबरोबर बाहेर जाईल. दहा वर्षं लागतील, कदाचित वीस. तोवर या वाफ्याला शून्य म्हणता येणार नाही. ते कापायचं काम मी मागून घेतलं. खताचं काम त्यांनी माझ्याकडेच ठेवलं, पण आता धुताना कुणीतरी बरोबर असतं. तेही बरोबरच आहे.

ताई मोजणीवर परत आली. सुनेला मी स्वतः जाऊन सगळं सांगितलं. तिनं मला मावशी म्हणणं सोडलं नाही, पण चहा विचारला नाही. आता फुलांचे दोन हंगाम गेले. या वर्षी ताईनं पुन्हा गोणपाट अंथरलं. वही धरायला तिनं मलाच बोलावलं, का ते मी विचारलं नाही. तिनं चौकट सरकवत सरकवत नावं पुकारली. विसावं नाव उपाशी बाईचं आलं. दोन पानं, नखाएवढी, खालच्या टोकाला. पलंग नव्हता.

"वीस," ती म्हणाली. मी आकडा लिहायला गेले.

"थांब," ती म्हणाली. "जरा बघतेस का गं, बरोबर आहे का?"

मी वही खाली ठेवली आणि तिच्या शेजारी पालथी झाले. गुडघा दुखत होता. मी सगळा वाफा पुन्हा मोजला. वीसच होते. मी तिला तसं सांगितलं. तिनं माझ्या तोंडाकडे नीट निरखून बघितलं, मग चौकट ओढली आणि स्वतः पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागली.